पानातला हेर आणि पडद्यावरचा हेर: वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

हेरपट, त्यांचे पुढचे भाग आणि ज्या कादंबऱ्यांवरून ते निघाले त्या कादंबऱ्या, यांच्या तुलनेबद्दल आलेल्या प्रश्नांपैकी काही या वेळी घेतले आहेत. एक सूचना आधीच देतो. तुलना करायची तर शेवट फोडावे लागतात. ‘टिंकर टेलर’मधल्या घरभेद्याचं नाव तेवढं आम्ही पोटात ठेवलं आहे, बाकी कुणाची गय केलेली नाही.

प्रश्न: ‘द बॉर्न आयडेंटिटी’ चित्रपट आवडला म्हणून कादंबरी आणली. सुरुवात तीच, पण पुढे गोष्ट भलतीकडेच गेली. पुढच्या दोन चित्रपटांचा तर कादंबऱ्यांशी नावापलीकडे संबंधच दिसत नाही. मी चुकीची आवृत्ती घेतली का?

आवृत्ती बरोबर आहे. रॉबर्ट लडलमची कादंबरी १९८०ची, डग लिमनचा चित्रपट २००२चा. दोघांत सामाईक भाग जेमतेम पहिल्या अर्ध्या तासापुरता आहे: समुद्रातून बाहेर काढलेला, गोळ्या लागलेला, स्मृती गेलेला माणूस, त्याच्या कमरेत कातडीखाली दडवलेला झुरिकच्या बँकेचा खातेक्रमांक आणि वाटेत त्याच्यासोबत ओढली गेलेली मारी. तिथून रस्ते फुटतात.

फुटण्याचं कारण एकच आहे, आणि ते सापडलं की पुढचं सगळं उलगडतं. कादंबरीतला बॉर्न भाडोत्री मारेकरी नाहीच. तो डेव्हिड वेब. कार्लोस या मारेकऱ्याला बिळाबाहेर काढण्यासाठी अमेरिकी यंत्रणेने ‘केन’ नावाचा बनावट प्रतिस्पर्धी उभा केला. दुसऱ्यांनी केलेले खून त्याने आपल्या नावावर मिरवायचे, म्हणजे कार्लोस चिडून समोर येईल, असा तो डाव. स्मृती गेल्यावर वेबला हाच मुखवटा आपला चेहरा वाटू लागतो. ‘मी खुनी आहे का?’ या प्रश्नावर कादंबरी उभी आहे आणि तिचं उत्तर ‘नाही’ असं आहे.

चित्रपटाने कार्लोसला काढून टाकलं. खरा कार्लोस १९९४मध्ये सुदानमध्ये पकडला गेला होता, तेव्हा २००२च्या प्रेक्षकाला त्याची भीती घालणं तसंही अवघडच होतं. पण कार्लोस गेला की बनावट मारेकरी उभा करायचं कारणच उरत नाही. मग बॉर्न खराखुरा सरकारी मारेकरी होतो, ट्रेडस्टोन ही त्याला घडवणारी योजना होते आणि शत्रू स्वतःचीच संस्था ठरते. त्याच प्रश्नाचं उत्तर चित्रपटात ‘हो’ असं आहे. बोटीवर वोम्बोसीला मारायला गेलेला बॉर्न शेजारी लेकरं दिसली म्हणून थबकतो, एवढीच त्याची सुटका.

आता पुढचे भाग पाहा. कादंबऱ्यांत कार्लोस जिवंत आहे, त्यामुळे तिसऱ्या कादंबरीत (१९९०) त्याचा हिशेब चुकता होतो. मधल्या कादंबरीत (१९८६) मारीला पळवून वेबला हाँगकाँगकडे ढकललं जातं, कारण तिथे कुणीतरी ‘बॉर्न’ या नावाने खून पाडत सुटलं आहे. चित्रपटाला यातलं काहीच वापरता येण्यासारखं नव्हतं. जो मुळातच खरा मारेकरी, त्याचा तोतया काढून काय साधणार? म्हणून २००४च्या ‘सुप्रिमसी’त पहिल्या चित्रपटाने निर्माण केलेलं देणं फेडलं जातं. बॉर्नने बर्लिनमध्ये नेस्की पतिपत्नींना मारलं होतं आणि शेवटी तो मॉस्कोत त्यांच्या मुलीसमोर बसून कबुली देतो. कादंबरीतल्या वेबला असली माफी मागायची वेळच येत नाही.

मारीचंही तसंच. कादंबरीतली मारी सेंट जॅक्स कॅनडाची अर्थतज्ज्ञ. पैशाचा माग काढायची अक्कल तिची, त्यामुळे कथेला ती शेवटपर्यंत लागते. चित्रपटातली मारी क्रॉइट्झ कफल्लक, दहा हजार डॉलर पाहून त्याला पॅरिसला सोडायला तयार झालेली. कथानकाला तिच्याकडून मिळते ती एक गाडी आणि थोडी माणुसकी. दुसऱ्या चित्रपटात गोव्यात तिला इतक्या लवकर मारता आलं, ते पहिल्या चित्रपटाने तिच्या हातचं काम आधीच काढून घेतलं होतं म्हणून.

तेव्हा तुलनेचा आमचा पहिला नियम असा: पुढचा चित्रपट हा आधीच्या चित्रपटाचा वारस असतो, कादंबरीचा नव्हे. पहिल्या भागात जे बदललं ते व्याजासकट पुढे येतं.

प्रश्न: बॉर्न चित्रपटांचा योग्य क्रम कोणता? ‘अल्टिमेटम’ पाहताना एक प्रसंग आधी पाहिल्यासारखा वाटला.

वाटलं ते बरोबरच आहे. ‘सुप्रिमसी’च्या शेवटी बॉर्न न्यूयॉर्कमधून सीआयएच्या पामेला लँडीला फोन करतो, ती त्याला त्याचं खरं नाव आणि जन्मतारीख सांगते. हा प्रसंग ‘अल्टिमेटम’मध्ये (२००७) उत्तरार्धात पुन्हा येतो. म्हणजे ‘अल्टिमेटम’चा बराचसा भाग आधीच्या चित्रपटातला मॉस्कोचा पाठलाग आणि हा फोन यांच्यामध्ये घडतो. शब्द तेच राहतात, अर्थ पालटतो. पहिल्या वेळी तो हळवा निरोप वाटतो. दुसऱ्या वेळी कळतं की ४-१५-७१ ही तारीख म्हणजे पत्ता आहे: ४१५, पूर्व ७१वा रस्ता. कादंबरी वाचलेल्याला इथे आणखी एक खूण सापडते, कारण ‘ट्रेडस्टोन सेव्हंटी-वन’ हे नाव कादंबरीत न्यूयॉर्कच्या ७१व्या रस्त्यावरच्या घराशीच जोडलेलं आहे.

दोन्ही चित्रपट हाताशी असतील तर ‘सुप्रिमसी’ मॉस्कोतल्या माफीच्या प्रसंगावर थांबवा, ‘अल्टिमेटम’ पूर्ण पाहा आणि मग ‘सुप्रिमसी’चा राहिलेला शेवट पाहा. पहिल्यांदाच पाहणाऱ्याने मात्र हे करू नये, मजा जाते. २०१२चा ‘लेगसी’ त्याच काळात समांतर चालतो, पण त्याचा नायक वेगळा आहे. त्याच नावाची २००४ची कादंबरी एरिक व्हॅन लस्टबाडरची, ती बॉर्नचीच गोष्ट आहे. त्या दोघांची तुलना करू नका, तुलना करण्यासारखं काही नाही.

प्रश्न: ‘ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस’मध्ये बाँड वेषांतर करून ब्लोफेल्डकडे जातो आणि ब्लोफेल्ड त्याला ओळखत नाही. आधीच्या चित्रपटात तर दोघं समोरासमोर आले होते! ही चूक की दुसरं काही?

क्रम उलटल्याचा हा परिणाम. इयान फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांत ‘सीक्रेट सर्व्हिस’ १९६३ची आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’ १९६४ची. पहिलीत बाँड वंशावळीचा जाणकार बनून खलनायक ब्लोफेल्डच्या डोंगरावरच्या अड्ड्यात शिरतो. त्यांची ती पहिलीच भेट, त्यामुळे वेषांतर चालून जातं. शेवटी बाँडची नवी नवरी ट्रेसी मारली जाते. दुसरीत खचलेला, कामात चुका करणारा बाँड जपानला पाठवला जातो आणि तिथे ब्लोफेल्ड त्याच्या हाती लागतो. लग्न, मरण, सूड, अशी ती सरळ रेघ आहे.

चित्रपट निघाले उलटे. ‘लिव्ह ट्वाइस’ १९६७ला, ‘सीक्रेट सर्व्हिस’ १९६९ला. १९६७मध्ये ज्वालामुखीच्या पोटातल्या तळावर ब्लोफेल्ड आणि बाँड एकमेकांना नीट पाहतात. दोनच वर्षांनी दिग्दर्शक पीटर हंटने कादंबरी जवळजवळ प्रसंगागणिक पडद्यावर आणली आणि न ओळखण्याचा प्रसंगही तसाच आला. बाँड आणि ब्लोफेल्ड दोघांचेही नट बदलले होते, म्हणून तो कसाबसा निभावला. गंमत अशी की मूळ कादंबरीशी इमान राखल्यामुळेच मालिकेत विसंगती आली.

खरं नुकसान वेगळंच. सुडाची कादंबरी आधीच खर्ची पडली होती, तीही नाव आणि जपान एवढंच ठेवून (पटकथा रोआल्ड डालची). मग ट्रेसीच्या मरणानंतर पडद्यावरच्या बाँडकडे करण्यासारखं काही उरलं नाही. १९७१च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’ने तो हिशेब सुरुवातीच्या काही मिनिटांत उरकला, ट्रेसीचं नावही न घेता. ‘लिव्ह ट्वाइस’ कादंबरीतली विषारी झाडांची बाग २०२१च्या ‘नो टाइम टू डाय’मध्ये दिसते, त्यामुळे तो चित्रपट पाहण्याआधी १९६४ची कादंबरी वाचून घेतली तर चांगलंच.

असाच उलटा क्रम अगदी सुरुवातीलाही आहे, फक्त तो कुणाच्या लक्षात येत नाही. ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ ही कादंबरी १९५७ची, ‘डॉक्टर नो’ १९५८ची. चित्रपट मात्र १९६२ला ‘डॉक्टर नो’ आणि १९६३ला ‘रशिया’. ‘डॉक्टर नो’च्या सुरुवातीला बाँडचा वरिष्ठ एम त्याचं बेरेटा पिस्तूल काढून घेतो: मागच्या कामगिरीत ते अडकलं आणि तू सहा महिने इस्पितळात होतास, म्हणून. कुठली मागची कामगिरी? पडद्यावर ती कधी झालीच नाही. आधीच्या कादंबरीच्या शेवटी शत्रूपक्षाची रोझा क्लेब बुटातलं विषारी पातं बाँडच्या पायात घुसवते आणि तो कोसळतो, त्याचा हा धागा आहे. चित्रपटाने धागा ठेवला आणि गाठ टाकून दिली.

प्रश्न: ‘कसिनो रोयाल’ कादंबरीत पोकर नसून बाकारा आहे. हा बदल फक्त प्रेक्षकांना पोकर कळतो म्हणून केला का? आणि ‘क्वांटम ऑफ सोलेस’साठी काय वाचावं?

पोकर लोकांना माहीत होतं हे खरं, पण त्याने कथेची जातच बदलली. बाकारात पत्त्यांची बेरीज नऊच्या जवळ न्यायची असते. आठ किंवा नऊ आले की लगेच उघडायचे, शून्य ते चारवर तिसरं पान घ्यायचं, सहा-सातवर थांबायचं. खेळाडूला स्वतःचं डोकं चालवायला वाव मिळतो तो फक्त पाचवर. बाकी सगळं नशीब. १९५३च्या कादंबरीत निर्णायक डावात बाँडकडे दोन राण्या असतात, म्हणजे शून्य, आणि तिसरं पान नव्वी येतं. फ्लेमिंगला तेच हवं होतं: माणूस जुगाराच्या पुढ्यात किती लहान असतो ते. पोकरमध्ये खोटी चाल, समोरच्याची लकब आणि वाढती बोली आल्यामुळे डाव दोन माणसांमधलं द्वंद्व होतो. २००६च्या चित्रपटात बाँड हरतो तो समोरचा खलनायक ल शिफ्र याची लकब वाचली अशा समजात गाफील राहिल्यामुळे. कादंबरीत तो नुसता हरतो.

सीआयएच्या फेलिक्स लायटरची मदतही याच कारणाने बदलली. कादंबरीत लिफाफ्यातून ३२० लाख फ्रँक येतात, जणू देवाने धाडल्यासारखे. चित्रपटात लायटर सौदा करतो: पैसे आम्ही देतो, ल शिफ्र आमचा.

मांडणीचा फरक आणखी मोठा. कादंबरीच्या २७ प्रकरणांपैकी तेराव्यातच खेळ संपतो. छळाचा भाग संपल्यावर उरतात इस्पितळ, समुद्रकाठचं खानावळवजा हॉटेल आणि हळूहळू नासत जाणारं प्रेम. पहिल्यांदा वाचणारे इथे कंटाळतात आणि पुस्तक मिटतात. ते करू नका. बाँडची प्रेयसी व्हेस्पर हिच्या चोरट्या टेलिफोनची आणि एका डोळ्यावर पट्टी असलेल्या माणसाची प्रकरणं हीच त्या पुस्तकातली खरी हेरकथा आहेत. चित्रपटाने त्यांच्या जागी व्हेनिसमधलं कोसळतं घर आणलं आणि झोपेच्या गोळ्या खाऊन जाणाऱ्या व्हेस्परला पाण्यात बुडवलं. पडद्यावर ते जास्त उठून दिसतं, पण संशय कसा मुरत जातो ते कादंबरीतच कळतं.

आता वारसा. कादंबरीत ल शिफ्रला मारणारा स्मेर्श या सोव्हिएत यंत्रणेचा माणूस बाँडला सोडतो, कारण त्याला मारायचा हुकूम नसतो. जाताना तो बाँडच्या हातावर सुरीने एक रशियन अक्षर मात्र कोरून जातो. तिथून पुढच्या कादंबऱ्यांतलं वैर सुरू होतं. चित्रपटात ते काम मिस्टर व्हाइट करतो, म्हणून ‘क्वांटम’ (२००८) थेट त्याच्यापासून सुरू होतो आणि व्हेस्परला फसवणाऱ्या प्रियकरापाशी, कझानमध्ये, संपतो. त्याला आधार म्हणून कुठलीच कादंबरी नाही. नाव १९६०च्या ‘फॉर युअर आइज ओन्ली’ या संग्रहातल्या कथेचं, आणि त्या कथेत बाँड जेवणानंतर बसून गव्हर्नरच्या तोंडून एका बिघडलेल्या संसाराची हकीकत ऐकतो, बस. कथा सुरेख आहे, जरूर वाचा. चित्रपटाशी तुलना करायला बसलात तर हात हलवत परत याल. तो चित्रपट हॉलिवूडच्या लेखकांच्या संपाच्या काळात तयार झाला आणि १०६ मिनिटांत आटोपला. आधीचा १४४ मिनिटांचा होता. दोन्ही एका बैठकीत पाहिले तर ‘क्वांटम’ लांबलेला शेवटचा अंक म्हणून बरा वाटतो, एकटा पाहिला तर अर्धवट.

प्रश्न: चित्रपट कादंबरीपेक्षा सरस ठरल्याचं एखादं ठोस उदाहरण द्याल का?

‘गोल्डफिंगर’. १९५९च्या कादंबरीत गोल्डफिंगर अमेरिकेचा सोन्याचा साठा असलेल्या फोर्ट नॉक्सच्या पाण्यात विष कालवून शिपायांचा निकाल लावणार, अण्वस्त्राने तिजोरीचं दार उडवणार आणि सोनं उचलून नेणार असतो. १९६४च्या चित्रपटात बाँड त्याच्यासमोरच हिशेब मांडतो: सोनं १०,५०० टन, दोनशे ट्रकमध्ये भरायला साठ माणसांना बारा दिवस लागतील. मूळ लेखकाची ही चूक पटकथाकारांनी झाकली नाही, उलट तीच संवाद म्हणून वापरली आणि खलनायकाला नवा डाव दिला: सोनं न्यायचंच नाही, किरणोत्सारी करून निकामी करायचं, म्हणजे आपल्याकडच्या सोन्याचा भाव चढेल. कादंबरीतल्या भोकाला ठिगळ न लावता तिथेच दार काढलं.

दुसरी गोष्ट जिल मास्टरसनची. कादंबरीत तिला सोन्याने रंगवून मारल्याचं तिची बहीण नंतर सांगते. चित्रपटात आपण पलंगावर ती पाहतोच. (त्वचा ‘श्वास घेऊ न शकल्याने’ माणूस मरतो, ही दोन्हीकडची समजूत चुकीची आहे.) शत्रूचा डाव तपासायचा असेल तर कागदावर मांडा: वजन किती, माणसं किती, वेळ किती, बाहेर पडायचा रस्ता कोणता. निम्म्या हेरकथा इथेच गळतात.

प्रश्न: २०११चा ‘टिंकर टेलर सोल्जर स्पाय’ दोनदा पाहिला, तरी नीट कळला नाही. आधी कादंबरी वाचू की जुनी बीबीसी मालिका पाहू?

आधी मालिका, मग कादंबरी, मग चित्रपट. रूढ सल्ला उलटा असतो हे माहीत आहे. पण जॉन ल कॅरेच्या १९७४च्या या कादंबरीत पहिल्या काही प्रकरणांत इतकी नावं आणि ‘सर्कस’ची, म्हणजे ब्रिटिश हेरखात्याची, इतकी खासगी बोली येते, ‘लॅम्पलायटर’, ‘स्कॅल्पहंटर’, ‘हाउसकीपर’, की नावांना चेहरे मिळालेले बरे. १९७९ची मालिका सात भागांची आहे. अमेरिकेत ती कापून सहा भागांची केली होती आणि ती प्रतही फिरते, तेव्हा भाग मोजून घ्या.

चित्रपट १२७ मिनिटांचा. एवढ्या वेळात चौकशीची साखळी मावत नाही, म्हणून टोमास आल्फ्रेडसनने कडी-कडीने जाणं सोडून नजरा आणि सावल्यांवर भर दिला. तुम्हाला कळला नाही यात तुमचा दोष नाही. कादंबरीत घरभेद्याचा शोध घेणारा स्मायली कागद वाचतो, एकेका माणसाला भेटतो, प्रत्येक जण एक तुकडा देतो आणि वाचक ते तुकडे त्याच्याबरोबर जुळवतो. चित्रपटात तुकडे दिसतात, जुळणी स्मायलीच्या डोक्यात होते. पाहताना एक ओळखचिन्ह धरून ठेवा. स्मायलीचा चष्मा आणि ऑफिसातली नाताळची पार्टी यांवरून काळ ओळखता येतो: जुना चष्मा म्हणजे भूतकाळ, आणि पार्टी कादंबरीत नाही, ती सगळ्या संशयितांना एका खोलीत आणण्यासाठी रचलेली आहे.

जागाही हलल्या आहेत. सर्कसचा हेर जिम प्रिडो याला गोळी लागते ती कादंबरीत चेकोस्लोव्हाकियात, चित्रपटात बुडापेस्टच्या कॅफेत. दुसरा हेर रिकी टार याला इरीना भेटते ती कादंबरीत हाँगकाँगला, मालिकेत लिस्बनला, चित्रपटात इस्तंबूलला. या बदलांनी काही बिघडत नाही.

बिघडतं ते दुसरीकडे. जिमवर गोळी झाडली गेली त्या रात्री ऑफिसात ड्यूटीवर कादंबरीत सॅम कॉलिन्स असतो आणि जेरी वेस्टरबी हा पत्रकार असतो. चित्रपटाने एक माणूस वाचवण्यासाठी दोघांना एक केलं, म्हणजे वेस्टरबीच ड्यूटीवर. एका चित्रपटापुरतं हे शहाणपणाचं. पण पुढची कादंबरी ‘द ऑनरेबल स्कूलबॉय’ (१९७७) सगळीच्या सगळी पत्रकार वेस्टरबीच्या खांद्यावर आहे. उद्या कुणी ती पडद्यावर आणायची ठरवली, तर या चित्रपटापासून पुढे जाताच येणार नाही. बीबीसीनेही मधली कादंबरी गाळून १९८२ला थेट ‘स्मायलीज पीपल’ केली. वाचताना मात्र तिन्ही क्रमाने घ्या. मधली लांबट आहे, हाँगकाँगला पोचेपर्यंत धीर धरावा लागतो.

आणि सिगारेट लायटरवर लक्ष ठेवा. दिल्लीच्या तुरुंगात स्मायली कार्ला या सोव्हिएत हेराला फोडायचा प्रयत्न करतो, कार्ला एक शब्द बोलत नाही आणि जाताना स्मायलीच्या बायकोने दिलेला लायटर घेऊन जातो. मालिकेत हा प्रसंग प्रत्यक्ष दिसतो, पॅट्रिक स्टुअर्टचा कार्ला गप्प बसून असतो. चित्रपटात गॅरी ओल्डमनचा स्मायली रिकाम्या खुर्चीकडे पाहत तो नुसता सांगतो आणि कार्लाचा चेहरा कुठेच दिसत नाही. तोच लायटर ‘स्मायलीज पीपल’च्या शेवटच्या पानांवर जमिनीवर पडतो, आणि स्मायली तो उचलत नाही. एका पुस्तकातून दुसऱ्यात जाणारी अशी वस्तू सापडली की तुलना निम्मी झाली समजा.

प्रश्न: ‘द स्पाय हू लव्ह्ड मी’ नावाची दोन वेगवेगळी पुस्तकं दिसली. खरं कोणतं?

दोन्ही खरी. फ्लेमिंगची १९६२ची कादंबरी एका तरुणीच्या तोंडून सांगितलेली आहे आणि बाँड तिच्यात बराच उशिरा येतो. फ्लेमिंगने चित्रपटासाठी फक्त नाव वापरायची परवानगी दिली होती. १९७७चा चित्रपट पूर्ण नव्याने रचला आणि मग त्या चित्रपटावरूनच क्रिस्टोफर वुडने कादंबरी लिहिली. ‘मूनरेकर’चंही तसंच, १९५५ची मूळ कादंबरी इंग्लंडबाहेर पाऊल टाकत नाही, १९७९च्या चित्रपटावरून निघालेली वुडची कादंबरी अंतराळात जाते. मुखपृष्ठ पाहून फसायला होतं, आत लेखकाचं नाव आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष बघा. फ्लेमिंगच्या कादंबऱ्यांच्या २०२३च्या आवृत्तीत काही वर्णनं बदललेली आहेत, त्यामुळे शब्दांवर बोट ठेवून तुलना करायची असेल तर जुनी प्रत घ्या. अमेरिकी पॉकेट आवृत्तीत ‘कसिनो रोयाल’ १९५५ला ‘यू आस्क्ड फॉर इट’ या नावाने निघाली होती. तिला नवी कादंबरी समजू नका.

प्रश्न: लेन डेटनच्या ‘द इप्क्रेस फाइल’मध्ये हॅरी पामर कुठेच नाही!

नाहीच. १९६२च्या कादंबरीतला हेर स्वतःची गोष्ट सांगतो आणि नाव सांगत नाही. पडद्यावर बिननावाचा माणूस चालवणं कठीण, म्हणून १९६५च्या चित्रपटाने मायकल केनला हे नाव दिलं. दुसरी कादंबरी ‘हॉर्स अंडर वॉटर’ त्या चित्रमालिकेत आलीच नाही, ‘इप्क्रेस’नंतर थेट ‘फ्युनरल इन बर्लिन’.

प्रश्न: जॅक रायनच्या कादंबऱ्या चित्रपटांच्या क्रमाने वाचाव्यात का?

नको. टॉम क्लॅन्सीची ‘पेट्रियट गेम्स’ (१९८७) निघाली ‘द हंट फॉर रेड ऑक्टोबर’नंतर (१९८४), पण तिची गोष्ट आधीची, रायन अजून सीआयएत पुरता गुंतलेला नाही तेव्हाची. चित्रपट निघाले १९९० आणि १९९२ला. पहिल्यात रायन सीआयएचा विश्लेषक दाखवून झाला होता, मग दुसऱ्यात त्याला ‘नोकरी सोडलेला’ करावं लागलं. वारशाचा तोच नियम. जाता जाता ‘रेड ऑक्टोबर’ या पाणबुडीबद्दल: पुस्तकात तिची मूक यंत्रणा बोगद्यातल्या पंख्यांवर चालते, चित्रपटात चुंबकीय बलावर. आणि शेवटच्या लढाईत पुस्तकातली ‘रेड ऑक्टोबर’ शत्रूच्या पाणबुडीला धडक देते, चित्रपटात शत्रू स्वतःच्याच पाणतीराने फुटतो.

प्रश्न: महाविद्यालयातल्या प्रकल्पासाठी एक हेरपट आणि त्याची कादंबरी यांची तुलना करायची आहे. ‘काय गाळलं, काय वाढवलं’ अशी यादी केली, पण तिच्यातून काही निघत नाही.

यादीतून कधीच काही निघत नाही, कारण गाळणं अटळ असतं. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट. दोन तासांच्या चित्रपटाला १२० पानं मिळतात, तीही अर्धी कोरी. ३५० पानांची कादंबरी त्यात बसणारच नाही.

त्याऐवजी वहीचं पान उभं दुभागून डावीकडे कादंबरी, उजवीकडे चित्रपट असं करा आणि पाचच गोष्टी नोंदवा: शत्रू कोण आणि त्याला काय हवंय, नायकाला त्या क्षणी काय ठाऊक आहे, वाचकाला किंवा प्रेक्षकाला काय ठाऊक आहे, कोणती वस्तू हातोहात फिरतेय, आणि शेवटी जिवंत कोण. कादंबरी चार बैठकांत वाचा आणि प्रत्येक बैठकीनंतर हे लिहा, पुस्तक संपल्यावर नव्हे, कारण शेवट कळला की ‘काय ठाऊक होतं’ हे आठवणीतून खरं उतरत नाही. चित्रपट दर तीस मिनिटांनी थांबवा. चित्रपट आधी पाहिलेला असेल तर तसं वहीवर लिहून ठेवा, तुमच्या वाचनावर त्याचा रंग चढलेला असतोच.

दोन बाजू जिथे पहिल्यांदा वेगळ्या होतात ती ओळ शोधा. बहुतेक वेळा ती शत्रूची असते. ‘सिक्स डेज ऑफ द काँडोर’ (१९७४) या जेम्स ग्रेडीच्या कादंबरीत कटाच्या मुळाशी अमली पदार्थांची चोरटी वाहतूक आहे. १९७५च्या चित्रपटात सहाचे तीन दिवस झाले, वॉशिंग्टनचं न्यूयॉर्क झालं, पण खरा बदल म्हणजे अमली पदार्थांच्या जागी तेल आलं. चोरी करणारे काही लोभी अधिकारी एकीकडे, देशासाठी हे करणं भाग आहे असं मानणारी यंत्रणा दुसरीकडे. चित्रपटाचा न सुटलेला शेवट या एका बदलातून आलेला आहे, तुमच्या प्रकल्पाला एवढं पुरेल.

हे अवघड वाटलं तर नावापासून सुरू करा. जॉन बकनच्या १९१५च्या ‘द थर्टी-नाइन स्टेप्स’मध्ये एकोणचाळीस पायऱ्या म्हणजे खरोखरच्या पायऱ्या आहेत, समुद्राकडे उतरणाऱ्या, आणि भरतीची वेळ रात्री १० वाजून १७ मिनिटं. त्या मोजून नायक जागा हुडकतो. हिचकॉकच्या १९३५च्या चित्रपटात तेच शब्द हेरांच्या टोळीचं नाव झाले आहेत, गुपित कागदावर नसून रंगमंचावरच्या एका पाठांतरबहाद्दराच्या डोक्यात आहे, आणि पुस्तकात नसलेली नायिका बेडीने नायकाला जखडलेली आहे. पायऱ्या गेल्या तेव्हा भरतीचं वेळापत्रक गेलं, किनारा गेला आणि शेवट नाटकगृहात न्यावा लागला. एवढी साखळी वहीत उतरवलीत की यादी फाडून टाका.